टिकलीखालचा तारा

एका हिवाळ्यात मी घोड्याचं नाक चार वेळा कापलं.

घोडा आकाशातला. मृग नक्षत्रात बाणाचे तीन तारे एका ओळीत असतात. आमच्याकडे शेतकरी त्यांना तिकांडं म्हणतात. उगवताना त्या तिघांतला जो सगळ्यांत खाली असतो, त्याच्या शेजारी लालसर वायूचा एक पडदा आहे. त्या पडद्यापुढे काळ्या धुळीचा ढग उभा आहे आणि त्याचा आकार घोड्याच्या डोक्यासारखा आहे: मान, कपाळ, खाली झुकलेलं नाक. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. माझ्या दुर्बिणीतून बघितलं तरी दिसत नाही. दुर्बिणीला कॅमेरा जोडून मिनिट-मिनिटाचे शंभर-दोनशे फोटो काढायचे, ते संगणकावर एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे तो अंधारातून वर येतो.

मी शहादा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सासर कळसाडीचं. कापूस, ऊस आणि जिथे पाणी पोचतं तिथे गहू-हरभरा. माझी दुर्बीण सहा इंची आरशाची आहे आणि तिच्या बैठकीला एकच मोटर आहे. आकाश ज्या वेगाने सरकतं त्या वेगाने ती दुर्बीण सरकवते, एवढंच. बटण दाबलं की हव्या त्या ताऱ्याकडे आपोआप वळणारी यंत्रणा तिला नाही. शोधायचं ते हाताने, एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर उड्या मारत.

तर त्या हिवाळ्यात माझं असं व्हायचं. रात्री नऊला खळ्यावर दुर्बीण लावायची. आधी एखाद्या ठळक ताऱ्याकडे वळवून फोकस नीट करायचा, मग घोड्याच्या जागेवर यायचं. घोडा दिसत नसल्यामुळे आजूबाजूच्या ताऱ्यांवरून अंदाजाने चौकट बसवायची. त्यात तास जायचा. एकदा बसली की फोटो सुरू. पहिले फोटो सुईच्या टोकासारखे. पण आमच्याकडे थंडी भरभर उतरते. संध्याकाळी नुसत्या ब्लाउज-साडीत फिरावं आणि अकराला गोधडी घेऊन बसावं अशी. त्या थंडीत दुर्बिणीची लोखंडी नळी आखडते, आणि ती केसाएवढी आखडली तरी फोकस जातो. अकरा वाजेपर्यंत माझे तारे शेवेच्या लाडवांसारखे फुगलेले असायचे.

मग परत ठळक ताऱ्याकडे जा, फोकस कर, परत घोड्याकडे ये. आणि परत आल्यावर चौकट कधीच पहिल्या जागी बसायची नाही. थोडी इकडे, थोडी तिकडे. फोटो एकावर एक रचले की जेवढा भाग सगळ्यांत सारखा आला तेवढाच उरायचा, आणि त्या उरलेल्या भागात घोड्याला नाक नसायचं. चार अमावास्या, चार नाककापे घोडे.

आकाशाचे फोटो काढणाऱ्या हौशी लोकांचा एक गट आहे, पुण्या-नाशिककडच्या. महिन्यातून एकदा सगळे संगणकाच्या पडद्यावर भेटतात. मी माझा चौथा घोडा तिथे दाखवला. गटातले एक ज्येष्ठ गृहस्थ चांगल्या मनाने म्हणाले, "मॅडम, फोकसला मोटर बसवा आणि संगणकाने चालणारी बैठक घ्या. तुमच्या साधनांनी हे लक्ष्य होणार नाही. तोवर चंद्राचे फोटो काढा, ते छान येतील."

ते खरंच चांगल्या मनाने म्हणाले, पण मला ते फार लागलं. दहावीच्या नापास मुलीला कोणी शिवणक्लास सुचवावा तसं वाटलं. दुर्बीण खोक्यात घातली आणि खोकं पलंगाखाली सरकवलं. तोवर मृगही पश्चिमेला टेकला होता.

खोकं बाहेर आलं ते दिवाळीच्या सुट्टीत. घरात फराळाची गडबड संपली होती, नवरा कापसाच्या वेचणीवर होता. मी ओसरीवर दुर्बीण मांडली आणि दिवसाउजेडी दूरच्या विजेच्या मनोऱ्यावर रोखली. मला बघायचं होतं की चूक नक्की कुठे होते. मनोऱ्याच्या टोकाजवळची चिनीमातीची तपकिरी चकती कॅमेऱ्याच्या पडद्यावर मधोमध आणली. फोकसचं चाक पुढे फिरवलं. चकती धूसर झाली आणि धूसर होता होता डावीकडे सरकली. मागे फिरवलं. स्पष्ट झाली, पण मधोमध परत आली नाही. म्हणजे दुर्बीण जागची हलली नव्हती तरी चित्र हललं होतं.

"परत फिरव," मागून आवाज आला.

माझे सासरे उभे होते. घरात आम्ही अहिराणी बोलतो आणि सगळे त्यांना आबा म्हणतात. साखर कारखान्यात फिटर म्हणून त्यांनी उभा जन्म काढला, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली असतील. माझ्या दुर्बिणीबद्दल त्यांनी तोवर एक शब्द काढला नव्हता. सुनेचा नाद, सुनेच्या खोलीत.

मी चाक फिरवलं.

"आते उलटं."

उलटं फिरवलं.

"देखं का?" ते खाली बसले. गुडघे कुरकुरले. "चाक फिरनं, पन नळी लगेच हालनी नही. आठे खेळ शे." त्यांनी कॅमेरा जिथे जोडला होता ती आतबाहेर सरकणारी छोटी नळी दोन बोटांत धरली आणि हलकेच वरखाली केली. ती खरंच हलली. पडद्यावरची चकती नाचली. "हाई इतलं वजन एक अंगले लटकी ऱ्हायनं. नळी झुकस. तुन्हं चित्र मंग सरकावच ना."

मी विज्ञान शिकवते. तरफ, वजन, घर्षण, सगळं फळ्यावर काढून दाखवते. पण ती नळी अशी धरून हलवून बघावी हे मला वर्षभरात सुचलं नव्हतं.

"आबा, हाई ठीक व्हई का?"

"खोलनं पडी."

मी घाबरले. त्या भागाला मी कधी पाना लावला नव्हता. आबांनी ओसरीवर वर्तमानपत्र अंथरलं, चष्मा लावला आणि अर्ध्या तासात फोकसच्या भागाचे सगळे तुकडे ओळीने मांडून ठेवले. कुठला आधी निघाला, कुठला नंतर, हे ओळीवरूनच कळत होतं. आतलं ग्रीस वाळून काजळासारखं झालं होतं. ते रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने पुसलं. मग नळी आणि तिचं घर यांच्यामधली फट नखाने चाचपली आणि आत जाऊन कपाटातून एक मोठं पाकीट घेऊन आले. त्यात त्यांच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे होता.

"आबा, तो कसाले?"

"डॉक्टरनी देखी लिधा. आते त्यानं दुसरं काय काम शे?"

कात्रीने एक्स-रेच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या आणि नळीच्या खाली दोन बाजूंना सरकवल्या. पट्टी पातळ, गुळगुळीत आणि चिवट. नळी परत बसवली तेव्हा ती फिरत होती लोण्यासारखी, पण हलत नव्हती. आबांनी ती तीनदा काढली, तीनदा बसवली, एकदा पट्टीची कड ब्लेडने तासली. तिसऱ्या दिवशी मी मनोऱ्यावरची चकती परत मधोमध आणली आणि चाक पुढे-मागे केलं. चकती सरकली, पण अगदी थोडी, तांदळाच्या दाण्याएवढी.

"जरासा खेळ ऱ्हाईच," आबा म्हणाले. "मशीनमा खेळ नही ऱ्हायना तं ते जाम व्हई जाई. आपन त्याले वळखी लेवानं. शेवटलं चाक कायम एकच अंगतीन आनानं. पुढे गयं तं तठेच मागे लेवानं नही. पुरं मागे जावानं आनि परत त्याच अंगतीन येवानं."

शेवटचं वळण नेहमी एकाच बाजूने, एवढं त्यांनी मला दोनदा सांगितलं आणि माझ्याकडून वदवून घेतलं.

चौकट सरकण्याचं एक कारण सापडलं होतं. पण दुसरं मोठं कारण तसंच होतं: फोकससाठी दुर्बीण ठळक ताऱ्याकडे वळवावी लागायची, आणि वळवली की जागा मोडायची. त्याचं उत्तर मला सापडलं ते सहामाहीचे पेपर तपासताना. डोकं शिणलं म्हणून मी गेल्या वर्षीचे बिघडलेले फोटो उघडून बसले. एका रात्री चौकट चुकून उलट बाजूला सरकली होती. ते वेगळे रचून केलेल्या फोटोत घोडा अंधूक पण पूर्ण होता, नाकासकट, आणि कोपऱ्यापासून थोडा आत तिकांड्याचा तो खालचा तारा झगझगत होता. तो फोटो मी तेव्हा टाकाऊ ठरवला होता, कारण त्या ताऱ्याची चमक शेजारचं सगळं धुऊन टाकते. त्याला चौकटीबाहेर ठेवायचं म्हणून मी वर्षभर घोड्याला पार कडेला ढकलत होते. कडेला होता म्हणूनच तर जरा सरकलं की नाक जायचं.

आणि फोकससाठी ठळक तारा हवा म्हणून आकाशभर जात होते. ठळक तारा घोड्याच्या शेजारीच उभा होता!

मी लाल पेन टाकून उठले. स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, परत येऊन तो फोटो बघितला. तारा आत घ्यायचा. चमक आली तर येऊ दे. मग फोकससाठी कुठेच जायला नको. जिथे आहोत तिथेच, दुर्बीण न हलवता, त्या ताऱ्याकडे बघून फोकस करायचा.

फोकस तपासायला एक जाळी वापरतात. गोल तबकडीला तीन दिशांनी चिरा पाडलेल्या असतात. ती दुर्बिणीच्या तोंडावर ठेवली की ताऱ्यातून प्रकाशाच्या तीन रेघा निघतात. दोन रेघांची फुली होते आणि तिसरी त्या फुलीच्या बरोबर मधून गेली की फोकस अचूक. माझी जाळी पुठ्ठ्याची होती आणि डब्याच्या झाकणासारखी घट्ट बसायची. काढताना-घालताना दुर्बीण हमखास हलायची. आबांनी प्लास्टिकच्या फाइलची नवी कापली आणि कडेला सैल पट्टी दिली. ती नुसती टेकवली तरी आपल्या वजनाने बसे आणि उचलली की हाताला लागलीही नाही असं वाटे.

एक अडचण उरली. एवढं करूनही चौकट थोडी सरकली, तर ते कळणार कसं? कॅमेऱ्याच्या पडद्यावर शेकडो ठिपके. त्यातला कुठला कुठे होता हे कोण लक्षात ठेवणार?

सकाळी शाळेला निघताना मी आरशावर चिकटवलेली टिकली काढून कपाळाला लावत होते. हात तिथेच थांबला. मी पाकिटातून सगळ्यांत बारीक काळ्या टिकल्या काढल्या, मोहरीच्या दाण्याहून लहान. चौकट एकदा मनासारखी बसली की चाचणीचा फोटो पडद्यावर घ्यायचा आणि तीन कोपऱ्यांतल्या तीन ताऱ्यांवर तीन टिकल्या लावायच्या. फोकस केल्यावर परत चाचणीचा फोटो घ्यायचा. तारे टिकल्यांखाली लपले तर चौकट जागेवर. कडेने डोकावले तर सरकली, आणि कुठल्या बाजूला सरकली तेही कळणार.

त्या दिवशी शाळेत मी टिकली न लावताच गेले. दोन सहकारी बायांनी काळजीने विचारलं.

मार्गशीर्षातली अमावास्या शनिवारी आली. पंधरा दिवसांपूर्वी आबा सारंगखेड्याच्या यात्रेला जाऊन घोडे बघून आले होते. घोडा त्यांना घ्यायचा नसतो, बघायचा असतो. दात, खूर, मानेची ठेवण. संध्याकाळी मी खळ्यावर सामान मांडायला लागले तसे ते घोंगडं घेऊन आले आणि बाजेवर बसले.

"कोठे शे तुन्हा घोडा?"

मी पूर्वेला उगवून आलेलं तिकांडं दाखवलं. "त्या खालना तारा शे ना, त्यान्हा बाजूले."

त्यांनी बराच वेळ बघितलं. "माले तं काय दिसत नही."

"मालेबी नही दिसत, आबा."

ते हसले. "बरं शे मंग. दोन्ही जण बठू."

शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणून नवरा गव्हाला पाणी द्यायला शिवारात गेला होता. त्याला मी बजावून ठेवलं होतं की डोक्यावरची बॅटरी खळ्याकडे वळवायची नाही. मधूनमधून लांबून पाटाच्या पाण्याचा आणि फावड्याचा आवाज यायचा.

वेळेचं बंधन होतं. तिकांडं मध्यरात्रीनंतर डोक्यावर येतं आणि मग माझ्या बैठकीवर दुर्बीण पलटून दुसऱ्या बाजूला घ्यावी लागते. ती पलटली की चौकट मोडली. म्हणजे साधारण एक वाजेपर्यंतचा वेळ माझा.

नऊच्या सुमारास चौकट बसली. तारा आत, घोडा जिथे असायला हवा ती जागा मधोमध. जाळी ठेवली, रेघ फुलीच्या मध्ये आणली, चाक शेवटी उजवीकडून, आबांनी सांगितलं तसं. जाळी काढली. चाचणीचा फोटो घेतला आणि श्वास रोखून तीन टिकल्या लावल्या. मग मिनिट-मिनिटाचे फोटो सुरू केले.

सव्वादहाला मी पडद्यावरचा नवा फोटो मोठा करून बघितला. तारे किंचित जाडावले होते. गारठा वाढला होता, दुर्बिणीच्या नळीला हात लावला तर बर्फासारखी.

"करनं पडी का?" आबांनी विचारलं.

"करनं पडी."

गेल्या वर्षी याच क्षणी मी चार वेळा हरले होते. फोटो थांबवले. जाळी टेकवली. पडद्यावर तो ठळक तारा मोठा केला. तीन रेघा उमटल्या, मधली एका बाजूला सरकलेली. चाक हळूच मागे, मग उजवीकडून पुढे. रेघ मध्ये आली. जाळी उचलली. चाचणीचा फोटो.

दोन टिकल्यांखाली तारे लपले होते. तिसऱ्या टिकलीच्या वरच्या कडेने एक बारीक ठिपका डोकावत होता.

सरकलं होतं. पण एवढंच! दुर्बिणीला सूक्ष्म हालचाल देणारी एक दांडी असते. ती मी अंगठ्याने पाव फेरा फिरवली आणि परत फोटो घेतला. तिन्ही टिकल्या स्वच्छ. एकही ठिपका बाहेर नाही.

"आबा, बठनं!"

"बठनं का?" ते घोंगडं सोडून उठून आले. मी त्यांना पडदा दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तिन्ही टिकल्या बघितल्या आणि कारखान्यात मशीन तपासून सही द्यावी तशी मान हलवली. "चाल, लाव कामले."

किती वेळ लागला ते मी घड्याळात बघितलं. चार मिनिटं. गेल्या वर्षी यालाच तास जायचा आणि शेवटी जमायचं नाही ते नाहीच.

अकराला परत केलं. या वेळी काहीच सरकलं नाही. मी दांडीला हातही लावला नाही. साडेअकराला कॅमेऱ्याची बॅटरी संपली. तीही बदलली, टिकल्यांशी जुळवून घेतलं आणि पुढे चालू. आबांनी घरून चहाचा थर्मास आणला होता. एका हातात कप धरून दुसऱ्या हाताने मी फोटो मोजत होते. असा निवांत चहा मी दुर्बिणीपाशी कधी प्यायले नव्हते.

बाराच्या पुढे सातपुड्याकडून वारा सुटला. एकदम गारठलं. कापसाच्या उभ्या पळाट्या खुळखुळायला लागल्या आणि पाच मिनिटांत माझे तारे फुगले. हातात जेमतेम पाऊण तास उरला होता. दीडशेच्या वर चांगले फोटो जमले होते. मी मनात म्हटलं, पुरे. आता हात लावला आणि वाऱ्यात दुर्बीण हलली तर उरलेला वेळही जाईल.

आबांना म्हटलं, "ऱ्हाऊ देऊत का? इतलामा चाली जाई."

"चाली जाई?" आबा म्हणाले. "मंग करनारी तू कसाले? चाली जावानं काम तं कोनबी करी."

त्यांनी बाजेवरचं घोंगडं उचललं आणि वाऱ्याच्या बाजूला दोन्ही हातांत ताणून धरून उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस, कान मफलरात गुंडाळलेले, दुर्बिणीला आडोसा करून भिंतीसारखा उभा.

मी जाळी टेकवली. रेघ फुलीच्या बाहेर होती. चाक फिरवलं. रेघ मध्याकडे आली, मध्यावर आली आणि वाऱ्याने बोट जरा जास्त दाबलं गेलं. मध्य ओलांडून पुढे गेली. हात आपसूक मागे घ्यायला निघाला होता. मी तो थांबवला. पुरं मागे गेले, खेळ संपेपर्यंत, आणि परत उजवीकडून आले, नखाएवढं, मग नखाच्या टोकाएवढं. रेघ फुलीच्या मधोमध बसली. जाळी उचलली. वारा जरा थांबेपर्यंत थांबले. चाचणीचा फोटो.

पहिली टिकली. लपला. दुसरी. लपला. तिसरी. लपला.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण फार मोठ्याने ओरडले, कारण पुढच्याच मिनिटाला शिवारातून नवऱ्याची हाक आली, "काय व्हयनं? बिबट्या उना का?" आणि उसाच्या बांधावरून त्याची बॅटरी उड्या मारत आमच्याकडे यायला लागली.

"बॅटरी बंद कर!" आबा आणि मी एकाच वेळी ओरडलो. बॅटरी विझली. तो अंधारात ठेचकाळत, चिखलाच्या पायांनी, हातात फावडं घेऊन आला. काय झालं ते ऐकल्यावर फावड्यावर रेलून म्हणाला, "म्हंजे आते घोडाले नाक ऱ्हाई?"

"ऱ्हाई," मी म्हटलं.

पाऊण वाजता तिकांडं डोक्यावर आलं तेव्हा शेवटचा फोटो घेतला.

दुसऱ्या दिवशी रविवार. संगणकाला सगळे फोटो दिले आणि तो दुपारभर कुरकुरत बसला. माझं लक्ष दर दहा मिनिटांनी पडद्याकडे. संध्याकाळी रचलेला फोटो उघडला. सुरुवातीला नुसता राखाडी. मी हळूहळू उजेड वाढवत नेला. आधी लालसर पडदा आला, जुन्या लुगड्यासारखा विटका. मग त्या लालात एक काळा डाग. मग डागाला मान आली, कपाळ आलं, आणि कपाळाखाली नाक. पूर्ण. त्याच्या चारी बाजूंना मोकळी जागा. कडेच्या ताऱ्याची चमक होती, पण तिने काही बिघडलं नव्हतं. उलट घोड्याच्या डोक्यावर कोणी कंदील धरल्यासारखा तो दिसत होता.

मी हाक मारली नाही. आबा जेवून उठले तेव्हा संगणकच त्यांच्यापुढे नेऊन ठेवला.

ते वाकले. माझ्या सासूबाई मागून डोकावून म्हणाल्या, "माय वं, घोडाच शे!" आबांनी हाताने त्यांना थांबवलं. त्यांची तपासणी चालू होती.

"मान चांगली शे," ते अखेर म्हणाले. "भरेल शे. कान दिसत नही, पन मान चांगली शे." मग बोट पडद्याजवळ नेऊन म्हणाले, "हाई आपन पकडं?"

"आपन पकडं, आबा."

पुढच्या महिन्याच्या भेटीत मी तो फोटो गटाला दाखवला. ते ज्येष्ठ गृहस्थ पडद्याजवळ सरकले ते मला दिसलं. त्यांनी विचारलं, "नवी बैठक घेतलीत?" मी म्हटलं, नाही, तीच. "फोकसला मोटर?" नाही. मग मी रात्रभरात चार वेळा फोकस कसा केला ते सांगितलं. तारा चौकटीतच घेतला ते, जाळी टेकवली ते, चाक एकाच बाजूने आणलं ते. चाक आणि नळीमधल्या खेळाबद्दल कोणीतरी खोलात विचारलं तेव्हा मी म्हटलं, "थांबा, ज्यांनी हे केलं त्यांनाच बोलावते."

आबांना पडद्यासमोर बसवलं. त्यांनी आधी टोपी घातली. तीस-चाळीस अनोळखी चेहरे बघून क्षणभर बिचकले. मग फोकसचा जुना स्क्रू हातात धरून अहिराणीत जे बोलायला लागले ते वीस मिनिटं थांबले नाहीत. कारखान्यातल्या मोठ्या पंपाचा दांडा कसा बसवायचो, आट्यांत खेळ कसा ओळखायचो, बोटाच्या पेराला तो आधी कळतो आणि डोळ्याला नंतर, हे सगळं. पुण्याच्या माणसांना किती कळलं कोण जाणे, पण कोणी मध्ये बोललं नाही. संपल्यावर ते गृहस्थ म्हणाले, "आबा, मी मागे मॅडमना हे जमणार नाही म्हणालो होतो. माझं चुकलं."

"चुकनात तं काय व्हयनं," आबा म्हणाले, "आते देखी लिधं ना."

पौषातल्या अमावास्येला आम्ही काठी या गावी गेलो. माझी एक सहकारी शिक्षिका तिथली. तिच्या भावाच्या अंगणात, सातपुड्याच्या कुशीत, जिथे चारी बाजूंना एक दिवा दिसत नव्हता, आम्ही दुर्बीण मांडली. लक्ष्य नवं निवडलं होतं, मृगाच्या पूर्वेचा, गुलाबाच्या फुलासारखा दिसणारा तेजोमेघ. त्याच्या चौकटीत झगझगता असा एकही तारा नाही. मी मधल्या एका मंद ताऱ्यावरच जाळी धरली आणि कॅमेऱ्याची संवेदनक्षमता वाढवत गेले, आणि अंधूक का होईना, तीन रेघा उमटल्या. डोंगरातली थंडी आमच्या शिवारापेक्षा कडक. त्या रात्री सहा वेळा फोकस करावा लागला. सहाही वेळा चौकट जागेवर राहिली, आणि शेवटच्या दोन वेळा चाक आबांनी फिरवलं. मी फक्त पडद्यावर बघून "बस" म्हणत होते.